गोचीड डबीत ठेवलाय, टेस्ट करून घेऊ का?

प्रश्न: आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो, नॅशनल पार्क अगदी जवळ. मागच्या रविवारी मुलगा मित्रांबरोबर कान्हेरीकडे जाऊन आला आणि रात्री गुडघ्याच्या मागे गोचीड चिकटलेला दिसला. मी तो काढून डबीत ठेवलाय. जंगलातल्या गोचिडांची डीएनए टेस्ट करून रोगाचे बॅक्टेरिया शोधतात असं वाचलं होतं. आमच्या गोचिडाची करून घ्यावी का? निगेटिव्ह आली तर काळजी मिटली असं समजू का? मुलाला ताप वगैरे काही नाही. – एक आई, बोरिवली

उत्तर: ताई, गोचीड ठेवलात हे चांगलं केलंत, पण रिपोर्टवर विसंबू नका, पुढचे दोन आठवडे मुलाच्या अंगावर आणि तापावर लक्ष ठेवा. असं का म्हणते ते नीट सांगते, कारण हा प्रश्न पावसाळ्यात बरेच जण विचारतात.

गोचिडातले बरेचसे रोगजंतू साध्या लॅबमध्ये वाढतच नाहीत. रिकेट्सिया नावाचा बॅक्टेरिया तर जिवंत पेशीच्या आतच वाढतो, आणि तो वाढवणं लॅबमधल्या माणसांसाठीही धोक्याचं, त्यामुळे शास्त्रज्ञ जंतू वाढवण्याच्या भानगडीत न पडता थेट त्याचा डीएनए शोधतात. जंगलात गवतावरून पांढरं कापड ओढत नेतात, गवताच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसलेले गोचीड कापडाला चिकटतात, मग ते अल्कोहोलमध्ये ठेवून लॅबमध्ये आणतात, जात ओळखतात, बाहेरून धुतात, वाटतात आणि डीएनए काढतात. पुढे पीसीआर, कोविडमुळे हा शब्द आता घरोघरी माहीत झालाय. जंतूच्या जीनचा ठरलेला तुकडा दर फेरीत दुप्पट होतो, म्हणजे ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर, म्हणून एवढ्याशा जिवातला चिमूटभर जंतूही सापडतो. सगळ्याच बॅक्टेरियात असलेला १६ एस नावाचा जीन वाचला तर आत कोणकोण आहे ते कळतं, आणि रिकेट्सियाच शोधायचा असेल तर त्याचे स्वतःचे ओएमपीए, जीएलटीए असे जीन बघतात.

आता खरी मेख इथे आहे. डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंत होता असं नाही, आणि तो चावताना माणसात गेला असं तर मुळीच नाही. गोचिडाने आधी एखाद्या उंदराचं किंवा कुत्र्याचं रक्त प्यायलं असेल तर त्या रक्तातल्या जंतूचा डीएनएही टेस्टमध्ये दिसू शकतो. शिवाय गोचिडाच्या अंगात निरुपद्रवी बॅक्टेरियाही राहतात. कॉक्सिएलासारखे काही बॅक्टेरिया तर त्याला बी व्हिटॅमिन पुरवतात कारण नुसत्या रक्तात ती पुरेशी मिळत नाहीत, आणि हे बॅक्टेरिया क्यू फिवर या आजाराच्या जंतूचे जवळचे नातेवाईक, त्यामुळे टेस्ट नीट निवडली नाही तर उगाच पॉझिटिव्ह येते आणि घरात घबराट. उलटही होतं, गोचीड रक्ताने टम्म फुगलेला असला तर रक्तातले घटक पीसीआरलाच अडवतात आणि जंतू असूनही निगेटिव्ह येते. आणि निगेटिव्ह खरी असली तरी न दिसलेला दुसरा गोचीड चावला असेल त्याचं काय? अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्थासुद्धा चावलेल्या गोचिडाच्या रिपोर्टवरून उपचार ठरवू नका असंच सांगते.

मग हे संशोधन कशाला, असं वाटेल. मला स्वतःला ते फार गरजेचं वाटतं, फक्त ते एका मुलासाठी नसून एका परिसरासाठी असतं. कुठल्या भागात, कुठल्या जातीच्या गोचिडात, कुठला जंतू फिरतोय हे कळलं तर तिथल्या डॉक्टरांना ताप बघताना तो आजार आधी सुचतो. १९८१ मध्ये शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना लाइम या गोचिडामुळे होणाऱ्या आजाराचा जंतू न्यूयॉर्कजवळच्या गोचिडांतच दिसला, तेही मायक्रोस्कोपखाली, तोवर त्या आजाराचं कारणच कळत नव्हतं. आपल्याकडे मात्र लाइमपेक्षा इंडियन टिक टायफस जास्त लक्षात ठेवा. तो रिकेट्सियामुळे होतो आणि कुत्र्याच्या अंगावरचा तपकिरी गोचीड तो पसरवतो, म्हणजे त्यासाठी जंगलात जायलाच हवं असंही नाही, सोसायटीतला कुत्राही पुरे.

मुलाला ताप, जोराची डोकेदुखी, अंगावर पुरळ (तळहात-तळपायांवर असेल तर जास्तच संशय) किंवा चावल्या जागी काळी खपली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि गोचीड चावल्याचं, कुठे गेला होता ते, त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा. संशय आला की डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता डॉक्सीसायक्लिन सुरू करतात, लहान मुलांनासुद्धा, आणि लवकर सुरू झालं की आजार पटकन आटोक्यात येतो. स्वतःहून मात्र गोळ्या देऊ नका.

पुन्हा कधी चिकटला तर रॉकेल, काडी, नेलपॉलिश काही लावू नका. चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, साबणाने धुवा, बस.

प्रश्न: आमचं गाव सिंधुदुर्गातल्या दोडामार्गजवळ. तिथला माकडताप पण गोचिडानेच होतो ना? मग याच टेस्टमध्ये तोही कळेल का? – एक वाचक, लालबाग

उत्तर: गोचिडानेच होतो, पण तो व्हायरस आहे, १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. त्यात डीएनए नसून आरएनए असतो, म्हणून बॅक्टेरियाच्या टेस्टमध्ये तो दिसणारच नाही, आरएनएचा आधी डीएनए करून घेणारी वेगळी पीसीआर लागते. डॉक्सीसायक्लिनचाही त्यावर उपयोग नाही. म्हणून गावाहून परत आल्यावर ताप आला तर इथल्या डॉक्टरांना नुसतं 'गावी गेलो होतो' सांगून भागत नाही, दोडामार्गचं नाव घ्या, काजूच्या बागेत किंवा रानात गेला होतात का आणि आसपास माकडं मेलेली ऐकली का तेही सांगा.