वाचकांचे प्रश्न: पायाच्या नसेतली गाठ

प्रश्न: वय ४६. उजव्या पायाच्या आतल्या घोट्यामागे चिंचोक्याएवढी गाठ आहे. सुईने पाणी काढलं, दोन महिन्यांत पुन्हा भरली. एमआरआयमध्ये ‘टिबियल नसेत गँग्लियन’ आलंय. रात्री तळपायाची आग होते. ऑपरेशन टाळता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आग आणि बधिरपणा वाढत असेल तर टाळू नका. त्रास नगण्य असता तर अधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवणं पुरलं असतं.

नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू; टिबियल नस घोट्यामागून तळपायाकडे जाते. गँग्लियन म्हणजे सांध्यातल्या द्रावाने भरलेली पिशवी. गाठ नसेत दिसते, पण तिचं मूळ सांध्यात असतं. मोठ्या नसेची एक बारीक फांदी सांध्याकडे जाते. सांध्याचं आवरण फाटलं की आतला द्राव त्या फांदीच्या वेष्टनातून उलटा चढत मोठ्या नसेत शिरतो आणि तंतू चेपतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे न्यूरोसर्जन रॉबर्ट स्पिनर यांनी २००३मध्ये गुडघ्याजवळच्या नसेबाबत हे मांडलं. घोट्यालाही ते लागू पडतं. त्यामुळे सुईने गाठ रिकामी करणं म्हणजे नळ चालू ठेवून बादली उपसणं. त्यात तो द्राव जेलीसारखा दाट, आणि सुई तंतूंतच घुसण्याची भीती वेगळी.

ऑपरेशनमध्ये मांडीला टूर्निकेट (रक्तप्रवाह तात्पुरता थांबवणारा आवळपट्टा) बांधून घोट्यामागे वक्र छेद घेतात. नसेवरचा घट्ट पट्टा पूर्ण लांबीत उघडतात, शेजारची धमनी-शिरा जपून बाजूला करतात. मग सांध्याकडची फांदी शोधून, बांधून, सांध्यालगत कापतात. तिच्यावर चालणं अवलंबून नसतं. त्यानंतर भिंगाखाली, तंतूंना समांतर लहानसा छेद घेऊन जेली बाहेर काढतात. घोटाळा होतो तो इथे. गाठीची पिशवी अख्खी सोलून काढायचा मोह होतो. तिच्या भिंतीला तंतू चिकटलेले असतात, ते तुटले की तळवा कायमचा बधिर. पिशवी राहिली तरी चालतं, फांदी राहिली तर गाठ परत येते. तेव्हा सर्जनना एवढं विचाराच: “सांध्याकडची फांदी एमआरआयमध्ये दिसते का, आणि ती कापणार ना?”

टाके दोन-तीन आठवड्यांनी निघतात. तोवर स्प्लिंट (पाय स्थिर ठेवणारा आधार), आणि सर्जन सांगेपर्यंत पायावर भार नाही. आग आधी कमी होते, बधिरपणा रेंगाळतो. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. घोट्यापासून बोटांपर्यंत १५-१८ सेंटिमीटर धरले तर पाच-सहा महिने सहज जातात. मधुमेह असल्यास साखर आधी आटोक्यात आणा. जखमही लवकर भरेल.

प्रश्न: वडिलांचं (५८) डावं पाऊल महिनाभर उचललं जात नाही, चप्पल निसटते. मणक्याचे उपचार चालू आहेत, फरक नाही.
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर: पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा. ती ताकद शाबूत असेल तर दोष बहुधा कमरेत नसून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे नस हाडाला वळसा घालते तिथे असतो. वरच्यासारखीच गाठ याच नसेत सर्वाधिक आढळते. नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश नीट जातो का ते बघणारी) आणि गुडघ्याचा एमआरआय करा. गाठ निघालीच तर फांदी कापण्याबरोबर नडगीच्या दोन हाडांमधला वरचा छोटा सांधाही बरेच सर्जन काढतात. महिनोन्‌महिने थांबलात तर स्नायू वाळतात. तोवर पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट वापरा, ठेच लागणार नाही.

नस नुसतीच जाड लागत असेल तर अंगावर फिकट, बधिर चट्टे आहेत का ते बघा. कुष्ठरोग याच नसेला आणि घोट्यामागच्या नसेलाही गाठतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

प्रश्न: अशी गाठ कॅन्सरची असते का?

उत्तर: गँग्लियन कॅन्सर नव्हे. शंका असल्यास कॉन्ट्रास्ट (चित्रात भाग उजळवणारं इंजेक्शन) देऊन एमआरआय करतात: गँग्लियनची फक्त कडा उजळते, नसेच्या भरीव गाठीचा आतला भागही उजळतो.