‘कुरैश’, ‘कुरेशी’ आणि लहानगी मुशी

‘कुरैश’ लिहावे की ‘कुरेश’, आणि या शब्दाचा मूळ अर्थ ‘खाटीक’ असा आहे काय, असे एका वाचकाने विचारले आहे. प्रश्नाचा दुसरा भाग आधी निकालात काढतो, कारण तो गैरसमज ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. महाराष्ट्रात मांसविक्रीच्या व्यवसायातील अनेक कुटुंबे कुरेशी म्हणून ओळखली जातात हे खरे; परंतु एखाद्या समाजाने धारण केलेले नाव हे त्याच्या धंद्याचे नाव ठरत नाही. खाटकाला अरबीत ‘कस्साब’ म्हणतात. कुरैश ही मक्केची टोळी. प्रेषित मुहंमद याच टोळीतील हाशिम कुळातले, त्यांचे कट्टर विरोधक अबू जहल आणि अबू सुफियान हेही कुरैशच, आणि पहिले चारही खलिफा कुरैशच. त्यामुळे ‘कुरैश म्हणजे प्रेषितांचे शत्रू’ हे सर्रास ऐकू येणारे विधानही अर्धेच खरे आहे.

आता व्युत्पत्ती. अरबीत नामाला लघुत्व आणण्याचा एक ठरलेला साचा आहे: ‘हसन’पासून ‘हुसैन’, ‘अब्द’पासून ‘उबैद’. त्याच साच्यात ‘किर्श’ घातला की ‘कुरैश’ मिळतो. आणि किर्श म्हणजे कोकणात आपण जिला मुशी किंवा मोरी म्हणतो ती, खरखरीत कातडीची आणि करवती दातांची. अरबस्तानातल्या सर्वांत मानी टोळीचे नाव ‘लहानगी मुशी’ असावे, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो. प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या नावावर सांगितली जाणारी परंपराही हेच म्हणते: हा समुद्रातला असा जीव आहे की जो इतरांना खातो, पण ज्याला कोणी खात नाही. अशा ठिकाणी लघुत्व हे क्षुद्रत्व दाखवण्यासाठी नसून थोरवी दाखवण्यासाठी असते, असे अरबी वैयाकरण सांगतात.

जुन्या जाणकारांना मात्र ही मुशी फारशी रुचलेली नाही. प्रेषितांचा जुना चरित्रकार इब्न इसहाक म्हणतो की विखुरलेली कुळे एकत्र आली, म्हणून ‘एकवटणे’ या अर्थाच्या ‘तकर्रुश’वरून कुरैश, तर त्याच चरित्राचा संपादक इब्न हिशाम त्याच शब्दाचा अर्थ व्यापार व कमाई असा करतो. दोघांविषयी पूर्ण आदर राखूनही हे पटत नाही. कुळांना मक्केत एकत्र वसवण्याचे श्रेय ज्याला देतात तो कुसय्य, आणि त्याला त्याबद्दल मिळालेली पदवी आहे ‘मुजम्मिअ’; ती ‘जमा’, ‘जमात’ या आपल्या ओळखीच्या शब्दांच्या धातूपासून आलेली आहे, क-र-शपासून नव्हे. शिवाय अनेक वंशावळकार कुरैश हे नाव टोळीचा मूळपुरुष फिहर याला लावतात, आणि फिहर कुसय्यच्या सहा पिढ्या आधीचा! मुलाच्या बारशाला नातवाची पदवी कशी वापरणार? ‘वाळवंटातल्या लोकांना मुशी कुठली ठाऊक?’ हा आक्षेप तर नकाशा न पाहता घेतलेला आहे. तांबडा समुद्र मक्केपासून ७०-८० किलोमीटरवर आहे, इ.स. ६४७च्या सुमारास खलिफा उस्मान यांनी जिद्दा हे बंदर ठरवण्यापूर्वी मक्केची गलबते शुऐबाला लागत, आणि छळाला कंटाळून हबशांच्या देशी (इथिओपियाकडे) निघालेले पहिले मुसलमान तेथूनच होडीत बसले. प्राण्यांवरून नावे ठेवण्याचा तर त्या समाजाला संकोचच नव्हता: ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, ‘असद’ म्हणजे सिंह, या दोन्ही नावांच्या टोळ्या होत्या, आणि खुद्द कुसय्यच्या बापाचे नाव ‘किलाब’, म्हणजे ‘कुत्रे’.

व्यापारी अर्थाच्या बाजूने लोक कुराणातल्या १०६व्या सूरेकडे (अध्यायाकडे) बोट दाखवतात. ‘कुरैश’ याच नावाची ही चार आयतींची चिमुकली सूरा टोळीच्या हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या प्रवासांचा उल्लेख करते. भाष्यकारांच्या मते हिवाळ्यात तांडा यमनकडे जाई आणि उन्हाळ्यात शामकडे, म्हणजे सीरियाकडे. पण त्यावरून टोळी व्यापारी होती एवढेच सिद्ध होते, तिचे नाव व्यापारावरून पडले हे नव्हे. (तिथला ‘सैफ’ म्हणजे उन्हाळा, तलवारीचा ‘सैफ’ वेगळ्या ‘स’चा. नागरीत दोन्ही सारखेच दिसतात आणि घोटाळा होतो.) ‘कुरैश’चा धागा कुरुवंशाशी जोडणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांच्या ‘कुरु + ईश’ या संधीत अरबी धातूतला ‘श’ उगाच देव होऊन बसतो.

राहिले लेखन. मराठीत ‘ऐ’चा उच्चार ‘अइ’ असा होतो, त्यामुळे ‘कुरैश’ हे रूप अरबी उच्चाराच्या अगदी जवळ जाते आणि टोळीसाठी तेच लिहावे. आडनाव मात्र ‘कुरेशी’च असू द्यावे, कारण ‘हुसैन’चा ‘हुसेन’ करणाऱ्या जिभेनेच ते घडवले आहे. अरबीत याचे रूढ विशेषण ‘कुरशी’ असे होते; त्याचा आपल्या खुर्चीशी काहीही संबंध नाही, ती ‘कुर्सी’वरून आली.