बेपत्ता माणसांच्या गोष्टी वाचायला घेतल्यास, तर एवढं ऐक

'गूढ' हा शब्द दिसला की आधी त्या दिवसाचं हवामान शोध. बर्फात माणूस सापडला, अंगावर कपडे नाहीत, जाकीट बाजूला पडलेलं. वाचून अंगावर काटा येतो, मलाही यायचा. पण शरीराचं तापमान फार खाली गेलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त त्वचेकडे धावतं आणि गोठणाऱ्या माणसाला चक्क उकडायला लागतं. कपडे तो स्वतःच काढतो. काही जण शेवटी झुडपाखाली, कपारीत सरपटत शिरतात. शोधणारे मग चार पावलांवरून निघून जातात.

'सरळ चालत राहिला असता तर वाचला असता' असंही पटकन म्हणू नकोस. माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2009 साली दाखवून दिलं, की आभाळ भरलेलं असलं तर अनोळखी जंगलात माणसं गोल गोल फिरतात. त्यांना मात्र आपण सरळच चाललोय असं वाटत असतं.

द्यात्लोव खिंडीच्या गोष्टीपाशी तू पोहोचशीलच. 1959, रशियातला उरल पर्वत, बर्फात मेलेले 9 गिरिभ्रमण करणारे, आतून फाडलेला तंबू. 2021 मध्ये दोन शास्त्रज्ञांनी गणित मांडून बर्फाचा थर घसरल्याची शक्यता दाखवली. सगळे प्रश्न त्याने सुटत नाहीत, तरी अफवांच्या आधी ते वाच.

आणि एक, हे फार मनापासून सांगतेय. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना शोधून काढून मेसेज करू नकोस. दर वेळी फोन वाजला की त्यांचा जीव वरखाली होतो.