नोट नाकारली, म्हणून ऋण राहिले का?

पत्र : ताई, मी परभणी जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक असून थोडी शेतीही करतो. मुलगा कॅनडात व्हिक्टोरियाला असतो. गेल्या ऑगस्टमध्ये त्याच्या लहान बोटीतून आम्ही तिथल्या सूक गावाजवळच्या समुद्रात सॅमन मासे धरायला गेलो असता इंजिन बंद पडले. समुद्र शांत होता. शेजारीच गळ टाकून फिरणाऱ्या एका वयस्कर जोडप्याने आपले गळ वर घेतले, आमची बोट दोराने ओढत धक्क्यावर आणली आणि निघताना स्वतः धरलेला एक सॅमनही आमच्या हाती ठेवला. मी शंभर डॉलरची नोट पुढे केली, तसा त्यांचा चेहरा उतरला. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्ही त्यांचा अपमान केलात.’ तेव्हापासून आमचे बोलणे फक्त कामापुरते होते. त्या जोडप्याला पैठणी पाठवावी का? आणि आपल्याकडे अशी माणुसकी का उरली नाही?

उत्तर : आदरणीय गुरुजी,

पैठणी पाठवू नका. नाकारलेल्या नोटेच्या जागी तिच्याहून महाग वस्तू दारात आली, तर ऋणातून मोकळे होण्याची तुम्हाला किती घाई आहे एवढेच त्यांना दिसेल, आणि आता आपण काय पाठवायचे ही चिंता त्यांच्या मागे लागेल.

त्यांनी तुम्हाला नेमके काय दिले, ते आधी पाहू. सॅमनसाठी शिशाचा जड गोळा तारेने खोल सोडून, त्याच्या आधाराने गळ हव्या त्या खोलीवर ठेवत बोट अगदी सावकाश चालवावी लागते. भरती-ओहोटीचे पाणी फिरताना प्रवाह मंदावतो, तेव्हाचा थोडा वेळ मासा लागण्याच्या दृष्टीने मोलाचा मानतात आणि तो साधण्यासाठी माणसे अंधारातच धक्क्यावर येतात. दुसऱ्याची बोट ओढायची म्हणजे गोळे वर घ्यायचे, सगळ्या दोऱ्या गुंडाळायच्या, दोर बांधायचा आणि धीम्या गतीने किनारा गाठायचा. तोवर ती वेळ टळून गेलेली असते. समुद्रात जीव धोक्यात असलेल्याला मदत करणे बंधनकारक आहे आणि १९८२च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारातही तसे कलम आहे. परंतु समुद्र शांत होता असे तुम्हीच लिहिता. रेडिओवरून स्वयंसेवी बचाव पथकाला कळवून ते आपल्या मासेमारीत राहिले असते, तर त्यांना कुणी नावे ठेवली नसती. सूकसमोरच्या जुआन द फुका सामुद्रधुनीत ऑगस्टमध्ये धुके कधीही उतरते आणि व्हँकुव्हर-सिएटलकडे जाणारी अजस्र जहाजे त्याच पाण्यातून ये-जा करतात, त्यामुळे बंद इंजिनाची बोट प्रवाहावर सोडून देणे त्यांच्या जिवाला पटले नसावे. त्यांनी तुम्हाला दिली ती त्यांची सकाळ, आणि तिची किंमत त्यांनी मनात लावलेली नव्हती.

माशाची गोष्ट तर त्याहून नाजूक आहे. कॅनडात हौसेने धरलेला मासा विकणे, विकत घेणे किंवा वस्तूच्या बदल्यात देणे बेकायदा आहे. तो भेट मात्र देता येतो. एका हातात सॅमन आणि दुसऱ्या हातातून पुढे येणारी नोट, असे ते दृश्य भर धक्क्यावर किती अवघड दिसले असेल! उतरलेल्या चेहऱ्यामागे अपमानापेक्षा ही अडचणच अधिक असावी, असे मला वाटते.

आपल्याकडे माणुसकी उरली नाही, हे मात्र मला मान्य नाही. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतला, की वाटेने जाणारा दुसरा ट्रॅक्टरवाला कुणाचा, कुठला हे न विचारता साखळी अडकवतो, चिखलात स्वतःही घोट्याएवढा उतरतो आणि चहादेखील न घेता पुढे जातो. तुम्ही शेती करता, म्हणजे हे तुम्हीही केले असेल. त्या वेळी कुणी पाचशेची नोट पुढे केली असती, तर तुमचा चेहरा कसा झाला असता? रुतणे आज त्याच्यावर आले, उद्या आपल्यावर येईल, हे रानात सगळ्यांना माहीत असते आणि त्या समुद्रावरही माहीत असते. म्हणूनच एका बोटीला मासा लागला, की आसपासच्या बोटी तिला वाट करून देतात आणि कोणत्या खोलीवर मासा आहे हेही एकमेकांना सांगतात, अर्थात हातचे थोडे राखून. मासेमाराने आपली सगळी ठिकाणे सांगितली, असे कुठेही घडत नसावे.

आता मुलाविषयी, कारण झोप त्याच्यामुळे उडाली आहे असे तुमचे पत्र वाचताना वाटते. त्याला रोज त्याच धक्क्यावर, त्याच माणसांत वावरायचे आहे, त्यामुळे तो चारचौघांत ओशाळला आणि ओशाळलेला माणूस तोडून बोलतो. मात्र त्याचेही चुकले. कुणाचे मिंधे राहायचे नाही, या शिकवणुकीत तुम्ही आयुष्य काढले. सावडीला आलेल्या बैलजोडीचा दिवस दिवसाने फेडायचा, हा आपला जुना हिशेब आहे आणि तो प्रामाणिक माणसांचा हिशेब आहे. अपमान करण्याचा तुमचा हेतू नव्हता, हे त्याने त्या जोडप्याला दोन वाक्यांत सांगायला हवे होते. हे त्याला फोनवर स्पष्ट सांगा. रागावून नव्हे, पण आडवळणानेही नव्हे.

त्या जोडप्याला मराठीत, स्वतःच्या हाताने पत्र लिहा. नोटेचा खुलासा एका ओळीत आटोपा आणि उरलेल्या पत्रात तो सॅमन घरी कसा शिजवला, कुणी किती खाल्ला, ते लिहा, कारण मासा देणाऱ्याला तेच ऐकायचे असते. भाषांतराचे काम मुलाकडे सोपवा, म्हणजे तुम्हा दोघांना बोलायला कामापलीकडचा विषय मिळेल. पैसे द्यायचेच असतील, तर तेथील स्वयंसेवी सागरी बचाव पथकाला मुलामार्फत देणगी द्या, मात्र पत्रात तिचा उल्लेख करू नका. पुन्हा जाणे झाले, तर आपल्या नावाचा मासेमारी परवाना आधी ऑनलाइन काढा. परदेशी पाहुण्यांना तो एका दिवसाचाही मिळतो, फक्त धरलेला सॅमन ठेवायचा असेल तर सॅमन संवर्धनाचे शुल्क वेगळे भरावे लागते. आणि बोटीत एक लांब, मजबूत दोर आहे ना, एवढे निघण्यापूर्वी मुलाला विचारा.

— तुमची ताई