द्रवस्फटिक ‘वितळतो’ की ‘निवळतो’?

‘तापमान ३५ अंश सेल्सिअसवर गेले की द्रवस्फटिक वितळतो’ हे प्रयोगवर्णनातले वाक्य बरोबर आहे का, असा प्रश्न आहे. द्रवस्फटिक म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण ज्याचे रेणू साधारण एका दिशेत लागलेले असतात असा पदार्थ. नमुना ‘५सीबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सायनोबायफिनाइल या संयुगाचा असून त्याचा अवरक्त वर्णपट, म्हणजे तो कोणता अवरक्त प्रकाश किती शोषतो याचा आलेख, तापमान वाढवत नोंदवला आहे. माझ्या मते येथे ‘वितळतो’ चुकीचे आहे, ‘निवळतो’ म्हणावे.

वितळणे म्हणजे घनाचा द्रव होणे, आणि या पदार्थात ते २३-२४ अंशांच्या आसपासच उरकलेले असते. त्यानंतर हाती येणारा दुधाळ, वाहता पदार्थ सुमारे ३५ अंशांना एकाएकी स्वच्छ होतो. प्राग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर यांनी १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट तापवले, तेव्हाही ते १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना निवळले.

हा भेद वर्णपटातही दिसतो. वितळताना स्फटिकाचे टोकदार पट्टे, म्हणजे आलेखातले शोषणाचे उंचवटे, रुंदावतात आणि जवळजवळचे काही पट्टे एकमेकांत मिसळतात. ३५ अंशांना मात्र पट्ट्यांच्या जागा जवळपास तशाच राहतात. बदलते ते शोषणाचे दिशेशी असलेले नाते. ५सीबीमधला कार्बन-नायट्रोजन त्रिबंध रेणूच्या लांब अक्षाला धरून असतो आणि त्याचा पट्टा २,२२६ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येच्या (एका सेंटिमीटरमधील लहरींच्या संख्येच्या) आसपास येतो. रेणू एका दिशेत लावून घेतलेल्या नमुन्यावर त्या दिशेला समांतर ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश सोडला, तर या पट्ट्यापाशी शोषण जास्त होते. लंब दिशेत ते कमी असते. तापमान चढते तसा हा फरक आधी हळूहळू आणि शेवटी झपाट्याने घटतो, व निवळताना एका उडीत नाहीसा होतो. द्रव आधीही द्रवच होता. त्याच्या रेणूंची समाईक दिशा तेवढी गेली.

‘निवळणे’ म्हटले की तुरटी फिरवलेले किंवा निवळीचे बी उगाळून घातलेले पाणी आठवते आणि तळाशी गाळ बसायला हवा, असा आक्षेप येऊ शकतो. इथे गाळ नसतोच. रेणूंच्या दिशा सतत डळमळत असल्याने प्रकाश विखुरतो आणि द्रव गढूळ दिसतो. पण आभाळ निवळते, वातावरण निवळते, तेव्हा तरी आपण गाळ कुठे शोधतो? म्हणून या तापमानासाठी ‘निवळबिंदू’ ही संज्ञा मला ‘पारदर्शकता तापमान’ या लांबलचक जोडशब्दापेक्षा नेमकी वाटते.

नमुना थंड करताना ३५ अंशांना तो ‘थिजतो’ असेही लिहू नये. तिथे तो गढुळतो. थिजणे खालच्या टप्प्यासाठी राखावे, आणि ५सीबी वितळबिंदूच्या खाली जाऊनही बराच काळ द्रवरूपात रेंगाळू शकत असल्याने, थिजण्याचे तापमान वितळबिंदूहून कमी नोंदलेले आढळले तर ती मुद्रणाची चूक समजून दुरुस्त करू नये.