ट्रायकोडर्मा टाकूनही पेरू का वाळतो?

प्रश्न : राऊजवळ आमची जामाची, म्हणजे पेरूची, जुनी बाग आहे. पावसाळा सरताना सहा झाडे शेंड्याकडून पिवळी पडून वाळली. ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची पूड आणून दर झाडाच्या आळ्यात ५० ग्रॅम भुरभुरवली, काही गुण आला नाही. माल खोटा होता का?
– एक बागायतदार, इंदूर

उत्तर : वेष्टनावरची मुदत पाहा, आणि प्रति ग्रॅम किमान २० लाख जिवंत बीजाणू लिहिलेत का तेही. दोन्ही ठीक असतील, तर माल उपाशी मेला असे समजा. पेरूचा हा रोग म्हणजे 'मर'. फ्युजेरियम बुरशी मुळांतून शिरून पाण्याच्या वाहिन्या बंद करते. शेंडा पिवळा दिसेपर्यंत आत फार उशीर झालेला असतो. ट्रायकोडर्माचे काम मातीत, मुळांभोवती चालते. तो रोगबुरशीच्या तंतूंना वेटोळे घालतो आणि तिची भिंत विरघळवणारी विकरे सोडतो. वाळलेले झाड त्याने परत येत नाही. ते मुळांसकट काढून जाळा आणि त्या खड्ड्यात पुन्हा पेरू लावू नका. औषध टाकायचे ते शेजारच्या हिरव्या झाडांना.

कोरडी पूड तापलेल्या मातीवर टिकत नाही, आधी ती शेणखतात वाढवावी लागते. पूर्ण कुजलेले १०० किलो शेणखत सावलीत पसरा. त्यात हात घातल्यावर ऊब लागली तर थांबा, त्या उष्णतेत ट्रायकोडर्मा मरतो. १ किलो पूड आणि १ किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडा. ओल एवढीच, की मुठीत लाडू वळावा पण बोटांतून पाणी गळू नये. वर ओले गोणपाट घाला. प्लास्टिकने हवा कोंडते. दर तीन-चार दिवसांनी ढीग उलटा. आठवड्याभरात गोणपाट उचलले की आधी पांढरी जाळी आणि तिच्यावर हिरवी झाक दिसते. काळी बुरशी माजली किंवा आंबूस वास आला, तर तो ढीग बागेत नेऊ नका. एरवी १२ ते १५ दिवसांत खत तयार होते.

मोठ्या झाडाला ५ ते १० किलो द्या. बुंध्याशी ओतू नका. फांद्यांच्या घेराच्या कडेखाली, चार-सहा इंच मातीत मिसळा, कारण अन्न घेणारी बारीक मुळे तिथे असतात. एकदा जूनच्या पहिल्या पावसानंतर, एकदा पाऊस उघडल्यावर. कुदळ खोल मारू नका, जखमी मुळातूनच मर शिरते.

माळव्याच्या काळ्या मातीत दोन अडचणी आहेत. पाणी साचते, त्यासाठी चर काढाच. दुसरे, ही माती अल्कधर्मी आणि ट्रायकोडर्माला किंचित आम्ल माती मानवते. म्हणून हे खत दिल्यावर आठ दिवसांनी स्युडोमोनास फ्लुरोसेन्स, लिटरभर पाण्याला १० ग्रॅम, आळ्यात ओता. हा जिवाणू अशा मातीत चांगला तगतो आणि रोगबुरशीच्या वाट्याचे लोह ओढून घेतो.

प्रश्न : अंगणातल्या लिंबाच्या खोडातून डिंक गळतो. भोवती फरशीचा पार बांधला आहे.
– एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : पार आधी फोडा. हा डिंक्या, तो फायटोफ्थोरा या मातीतल्या रोगजंतूमुळे होतो आणि खोडाशी पाणी साचले की बळावतो. कलमाचा सांधा मातीबाहेर हवा. सडलेली साल धारदार चाकूने जिवंत सालीपर्यंत खरवडून बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर, एका झाडाला याचा दहावा हिस्सा पुरे. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीतच विरघळवा. पेस्ट आळ्यात गळू देऊ नका, मोरचुदातल्या तांब्याने ट्रायकोडर्मा मरतो. पाण्यासाठी दुहेरी आळे करा, आतला बांध खोडापासून दीड फुटावर आणि त्याच्या आतली जागा कोरडी.

प्रश्न : कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत ट्रायकोडर्मा देता येईल का?

उत्तर : नाही. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारते, मध्ये किमान १५ दिवस जाऊ द्या. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने स्युडोमोनास जायचा, पण शेतीत त्याचा वापर २०२४ पासून बंद आहे. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते रात्रभर उघड्या टाकीत ठेवून मगच पूड कालवा.