कोल्हापुरात गटारातल्या पाण्याच्या उष्णतेवर हॉस्टेलच्या अंघोळीचं पाणी तापवता येईल का? परदेशात खरंच असं करतात का?

करतात की. व्हँकुव्हरमध्ये २०१० पासून फॉल्स क्रीक भागातल्या इमारतींना अशी उष्णता मिळते, आणि हेलसिंकीत तर एका बागेच्या खाली जमिनीत मोठं केंद्र आहे, शुद्ध केलेल्या सांडपाण्यातनं उष्णता काढून घरं गरम करतात आणि उन्हाळ्यात तिथनंच कूलिंगही देतात. यात जादू काही नाही, फ्रीजच्या मागची जाळी गरम लागते बघा, तसलंच मोठं मशीन, हीट पंप. १ युनिट वीज खाऊन साधारण ३ युनिट उष्णता देतो.

आता आपलं बघू. हजार लिटर पाणी १ डिग्रीनं गार केलं की १.१६ युनिट उष्णता निघते. कसबा बावड्याचं सांडपाणी केंद्र ७६ एमएलडीचं, म्हणजे दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटरचं, पूर्ण भरून चाललं आणि ५ डिग्री काढली तर दिवसाला ४ लाख ४० हजार युनिट. आकडा लई भारी वाटतो, पण घेणार कोण? शेजारी राजाराम साखर कारखाना आहे, पण त्यांना वाफ लागते आणि जाळायला स्वतःचा बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड आहे. घरोघरी कोमट पाण्याच्या पायपा टाकायच्या तर खर्च परवडणार नाही, आपल्याकडं हीटर लावून झोपतंय कोण?

आणि खरी गोम वेगळीच आहे. तिकडं थंडीत बाहेर बर्फ असतो आणि गटारात १२-१५ डिग्रीचं पाणी, म्हणून ते सोन्यासारखं. आपल्याकडं बाहेरची हवाच बहुतेक वर्षभर गटाराइतकी कोमट असते, मग जयंती नाल्याच्या घाणीत हात कशाला घालायचा.

हात घातलाय म्हणून सांगतो. मी रेफ्रिजरेशनची कामं करतो, इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसला, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याला, रंगाच्या गरम पाण्यावर प्लेट एक्सचेंजर बसवला होता, त्यात प्लेटांच्या एका बाजूनं गरम घाण पाणी आणि दुसऱ्या बाजूनं गार पाणी जातं, तिथं पाणी ६०-७० डिग्रीनं बाहेर पडतं, त्यामुळं बॉयलरला जाणारं गार पाणी फुकटात तापणार. आठ दिवसांत बंद! प्लेटा खोलल्या तर आत सुताचं तूस गोधडीसारखं चिकटलेलं, निळंशार, ब्रशनं पण निघेना. मग आधी जाळीचा फिल्टर टाकला, तो रोज धुवायला माणूस लावला, तेव्हा कुठं चाललं. पण चाललं बरं का, कारण उष्णता गटारात मिसळायच्या आधीच धरली होती. लाँड्री, प्रोसेस हाऊस, डेअरी, असल्या ठिकाणी हे फायद्यात पडतं.

तुमच्या हॉस्टेलला बाहेरच्या हवेतनं उष्णता घेणारा साधा हीट पंप बसवा, गिझरच्या मानानं बिल निम्म्याच्या खाली येतं. फक्त गच्चीवर उघड्यावर ठेवा, तो गार हवा फेकतो. आमच्या एका गिऱ्हाईकानं हौसेनं वॉचमनच्या खोलीला लागूनच बसवून घेतला, तो बिचारा डिसेंबरभर कानटोपी घालून मला शिव्या घालत होता.